निळी, लाल की जांभळी? : घरच्या संगणकासाठी हार्ड डिस्क निवडताना

(रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सभासदांनीच सभासदांसाठी सभागृहात दिलेल्या व्याख्यानांपैकी हे एक. वक्त्यांच्या इच्छेनुसार बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

अध्यक्ष महाराज, सेक्रेटरीसाहेब, आणि रविवारची झोप मोडून खाली उतरलेले माझे सगळे शेजारी,

मागच्या महिन्यात ‘मधुमेह आणि आहार’ होतं तेव्हा हा हॉल भरला होता. आज विषय हार्ड डिस्क म्हटल्यावर दहा-बारा माणसं येतील असा माझा अंदाज होता. आता मागून खुर्च्या आणाव्या लागल्या, याचा अर्थ एक तर तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी डिस्क गेली आहे, किंवा नंतर बटाटेवडे आहेत ही बातमी फुटली आहे.

मला तुम्ही सगळे ‘सी विंगच्या बँकवाल्या काकू’ म्हणून ओळखता. बँकेत मी काउंटरवर होते असं अनेकांना वाटतं. सुरुवातीला होतेच. पण १९८९ साली माझी बदली संगणक विभागात झाली आणि निवृत्तीपर्यंत मी तिथेच राहिले. तेव्हा एअरकंडिशनर माणसांसाठी नसायचा, मशीनसाठी असायचा. आम्ही त्या निमित्ताने गारव्याला बसायचो इतकंच.

आता हा विषय निघाला कसा ते सांगते. जानेवारीत स्मरणिका समितीने जुने फोटो गोळा करायला घेतले आणि सोसायटीच्या ऑफिसातल्या संगणकाने त्याच आठवड्यात मान टाकली. नवीन डिस्क घ्यायची ठरलं. आपल्या नियमाप्रमाणे तीन कोटेशनं मागवली. पहिल्याने लिहिलं ‘डब्ल्यूडी ब्लू, २ टेराबाइट’. दुसऱ्याने ‘रेड प्लस, २ टेराबाइट’. तिसऱ्याने ‘पर्पल, २ टेराबाइट’, आणि खाली पेनने टीप : ‘सीसीटीव्हीला चालते, म्हणजे मजबूत’. कमिटीत पाऊण तास चर्चा. खजिनदार म्हणाले, “अहो, तिन्ही दोन टेराबाइटच्याच आहेत ना? मग रंगासाठी जादा पैसे कशाला द्यायचे? डबा तर आतच बसणार, दिसणार कुणाला?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. सगळ्यांच्या मनात हाच असतो, आणि दुकानदार त्याचं उत्तर नीट देत नाही. म्हणून मला इथे उभं केलंय.

आधी दोन मिनिटं डिस्क म्हणजे काय ते. आत आरशासारख्या चकचकीत तबकड्या असतात, त्यांवर चुंबकीय थर. त्या फिरतात आणि त्यांच्यावरून एक हात इकडून तिकडे जातो, जुन्या ग्रामोफोनसारखा. फरक एवढाच की ग्रामोफोनची सुई टेकायची, हिची टेकत नाही. ती काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगते. केसाची जाडी त्याच्यापुढे डोंगर. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. ५४०० म्हणजे सेकंदाला ९०. इतक्या वेगाने फिरणारी वस्तू आपण टेबलाखाली ठेवतो, वरून नातवंडं लाथा मारतात, आणि ती वर्षानुवर्षं चालते. मला तर ती का बिघडते यापेक्षा ती चालते कशी याचंच नवल वाटतं.

एक गोष्ट जाता जाता. १ टेराबाइटची डिस्क घेतली आणि संगणक ९३१ दाखवतो, म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने मोजतं. डिस्क तेवढीच असते.

आता रंग. आज जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच उरल्या आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल म्हणजे डब्ल्यूडी, आणि तोशिबा. मॅक्सटर, सॅमसंगचा डिस्कचा धंदा, हिताचीचा धंदा, सगळे पहिल्या दोघींनी गिळले. डब्ल्यूडीने आपल्या मालाला रंगांची नावं दिली. सीगेटने मासे आणि आकाश घेतलं : घरच्या संगणकासाठी बॅराकुडा, घरच्या किंवा ऑफिसच्या सामायिक साठवणुकीसाठी आयर्नवुल्फ, कॅमेऱ्यांसाठी स्कायहॉक. तोशिबाने अक्षरं घेतली : पी ३००, एन ३००, एस ३००. नावं वेगळी, वाटणी तीच. घरचा संगणक, साठवणुकीची पेटी, कॅमेरे. ही वाटणी कामाची आहे. बाहेरून डबे सारखेच दिसतात. आतला खरा फरक डिस्कला ‘अडचण आली की काय करायचं’ हे जे शिकवलेलं असतं त्यात असतो.

बँकेतलं उदाहरण देते. एक खातेदार येतो, तीस वर्षांपूर्वीचं व्हाउचर मागतो. एक कारकून असा की, कपाटं उपसेल, माळ्यावर चढेल, जेवायची सुट्टी बुडवेल, पण शोधून देईल. मागे रांग लागली तरी चालेल. ही निळी डिस्क. घरच्या संगणकाची. एखादा भाग वाचता आला नाही तर ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, कारण तिला ठाऊक आहे की दुसरीकडे प्रत नाही. संगणक तेवढा वेळ लटकतो आणि आपण शिव्या देतो.

दुसरा कारकून साधारण सात सेकंद बघतो आणि म्हणतो, “माझ्याकडे सापडत नाही, पलीकडच्या काउंटरला विचारा.” ही लाल. ती बनवलीच आहे चार-सहा डिस्क एकत्र बसवलेल्या पेटीसाठी, जिथे तोच मजकूर दुसऱ्या डिस्कवरून उभा करता येतो. तिथे एकाने अडून बसणं म्हणजे सगळ्यांची खोटी. म्हणून तिने लवकर हात वर करणं हा तिथे गुण आहे. पण तुमच्या घरात एकच डिस्क असेल तर पलीकडे काउंटरच नाही! मग सात सेकंदांत हात वर करणाऱ्या कारकुनासाठी जादा पैसे कशाला मोजायचे? लाल महाग म्हणून चांगली, असं होत नाही. तिची वॉरंटी मात्र ३ वर्षांची असते, निळीची २. हा मुद्दा तिच्या बाजूने आहे, तो मी लपवत नाही.

तिसरा कारकून म्हणजे आमच्या वेळचा टायपिस्ट. साहेब सांगत सुटले आहेत, एक शब्द ऐकू आला नाही तरी थांबायचं नाही, पुढे टाइप करत राहायचं. ही जांभळी. कॅमेऱ्यातून चित्र अखंड येत असतं. एक फ्रेम बिघडली म्हणून लिहिणं थांबलं तर पुढची पाच सेकंद गेली. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डर तिला तशा खास आज्ञा देऊ शकतं. घरच्या संगणकात लावली तर त्या आज्ञा कुणी देत नाही, मग ती साध्या डिस्कसारखीच वागते. चालत नाही असं नाही. पण रात्रंदिवस लिहिण्यासाठी घडवलेली वस्तू, तिचा तुमच्या लग्नाच्या अल्बमला विशेष उपयोग नाही.

इथे आपल्या सायकलचोरीचा खुलासा करून टाकते, कारण त्यावर जनरल बॉडीत बरंच बोलणं झालं आहे. मार्चमध्ये बी विंगच्या खालून सायकल गेली आणि नेमकं त्या रात्रीचं रेकॉर्डिंग तुटक निघालं. कॅमेरे बदलायचा ठराव येणार होता. मी डीव्हीआर उघडायला लावला. आत घरच्या संगणकाची साधी डिस्क होती, चार वर्षं अखंड फिरणारी. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात कधी कधी लिहिलेलं असतं की ती वर्षाला २४०० तास चालेल असं धरून बनवली आहे. बॅराकुडाच्या पत्रकात हा आकडा सापडतो. वर्षाचे तास किती? ८७६०. आपण ऑफिसला जाणाऱ्या माणसाला रखवालदाराची तीन पाळ्यांची ड्यूटी लावली होती आणि वर तो पेंगला म्हणून तक्रार करत होतो. तेव्हा तिसऱ्या कोटेशनमधली जांभळी आली ती डीव्हीआरमध्ये गेली. कॅमेरे जुनेच आहेत आणि चित्र अखंड येतंय.

काळी राहिली. काळी म्हणजे ७२०० फेरे, ५ वर्षांची वॉरंटी, आवाज जरा जास्त, तापते जरा जास्त. दहा-बारा वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं तर मी जमत असेल तर काळी घ्या म्हटलं असतं. आज तिचं घरातलं काम एसएसडीने घेतलं आहे. हार्ड डिस्कचा हात जागेवर पोचून तबकडी फिरून येईपर्यंत दहाएक मिलिसेकंद जातात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. म्हणून विंडोज आणि रोज लागणाऱ्या गोष्टी एसएसडीवर, अगदी २५० किंवा ५०० जीबीची लहान चालेल. आणि फोटो, व्हिडिओ, जुनी कागदपत्रं हा भरणा हार्ड डिस्कवर. अशी वाटणी केली की हार्ड डिस्क किती वेगाने पळते याने घरात काही फरक पडत नाही. जुना संगणक मंद झाला म्हणून नवीन घ्यायला निघालेल्या आपल्या सोसायटीतल्या चार घरांत मी फक्त एसएसडी बसवायला लावली. त्यातल्या एका घराने मला चिवडा पाठवला, बाकीच्यांची वाट बघते आहे.

हिरवी? हिरवी हार्ड डिस्क आता नाही. कमी वीज खाणारी म्हणून ती आली होती. काम नसलं की आठ सेकंदांत हात बाजूला नेऊन ठेवायची, पुन्हा आणायची, पुन्हा ठेवायची. २०१५ च्या अखेरीला डब्ल्यूडीने ती निळीत मिसळून टाकली. त्यामुळे गंमत अशी झाली की निळी म्हटलं तरी आत दोन स्वभाव आले. १ टेराबाइटची निळी, मॉडेल नंबरच्या शेवटी ईझेडईएक्स असेल तर ७२०० वाली. ईझेडआरझेड असेल तर ५४०० वाली, म्हणजे जुन्या हिरवीची बहीण. डब्याचा रंग तोच, नाव तेच. म्हणून माझं सांगणं, कोटेशनवर रंग लिहून घेऊ नका, पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या.

मॉडेल नंबर मागायचं दुसरंही एक कारण आहे, आणि ते जास्त महत्त्वाचं. कोकणातल्या ज्यांची घरं कौलारू आहेत त्यांना हे लगेच कळेल. डिस्कवर मजकूर गोल रेघांमध्ये लिहिलेला असतो. जुनी पद्धत म्हणजे रेघेशेजारी रेघ, मध्ये थोडी जागा. नवीन पद्धतीत जास्त माल मावावा म्हणून एक रेघ दुसरीवर थोडी चढवतात, मंगलोरी कौलांसारखी. इंग्रजी नाव एसएमआर, जुनीचं सीएमआर. आता मधलं एक कौल फुटलं तर काय करता? वरची उचलावी लागतात, ते बदलायचं, मग वरची परत बसवायची. ही डिस्कही मधला एक तुकडा बदलायचा तर त्या पट्ट्यातलं पुढचं सगळं पुन्हा लिहिते. तिला निवांतपणा मिळाला तर ती हे काम मागे करून टाकते, आपल्याला कळतही नाही. पण एका दमात शंभर-दोनशे जीबी ओतले, किंवा सतत बदलणारा मजकूर ठेवला, की ती धापा टाकते.

कौलारू म्हणजे भेसळ असं मी म्हणणार नाही. फोटो एकदा टाकले की आपण ते बदलत नाही, त्या कामाला ती ठीक आहे. पण गिऱ्हाइकाला सांगायला हवं. २०२० च्या एप्रिलमध्ये बाहेर आलं की लाल मालिकेतल्या २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क कौलारू आहेत, आणि वेष्टनावर त्याचा उल्लेख नव्हता. साठवणुकीच्या पेट्यांमध्ये त्या बसवलेले लोक खवळले. मग कंपनीने कुठलं मॉडेल कसलं याची यादी जाहीर केली आणि जुन्या पद्धतीच्या डिस्कना ‘रेड प्लस’ असं वेगळं नाव दिलं. सीगेटचीही अशी यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. २ टेराबाइटची ७२०० फेऱ्यांची बॅराकुडा घ्या, ती कौलारू आहे; १ टेराबाइटची तशी नाही. आणि पासबुकाएवढ्या त्या पोर्टेबल डिस्क, मोठ्या क्षमतेच्या, बहुतेक कौलारूच असतात. घरी जाऊन घाबरू नका. काम बघा आणि ठरवा.

आता जरा थांबते आणि घरचं सांगते. माझ्या मुलीने सांगितलं होतं की आई, हे बोलू नकोस. पण याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

इथल्या जुन्या लोकांना आठवत असेल, गच्चीवरची कोजागिरी, गणपतीतली नाटुकली, पहिला झेंडावंदनाचा कार्यक्रम, सगळीकडे खांद्यावर हँडीकॅम घेतलेले आमचे हे असायचे. सूत्रसंचालनही तेच आणि शूटिंगही तेच, त्यामुळे सगळ्या चित्रणात त्यांचा चेहरा जवळजवळ नाही, आवाज मात्र सगळीकडे. पुढे त्यांनी त्या टेपा संगणकावर उतरवल्या. एका तासाच्या टेपेला १३ जीबी लागायचे. २०१० साली मोठी डिस्क घेतली, सगळं तिच्यावर घातलं आणि टेपा पुन्हा वापरल्या, कारण टेप महाग होती.

मी म्हटलं, दुसरी डिस्क घेऊ या. मी बँकेत रोज रात्री काय करत होते? दिवसाचा हिशेब टेपेवर उतरवायचा. आमच्याकडे टेपांची तीन पिढ्यांची पद्धत होती : आजोबा, वडील, मुलगा. आजचा मुलगा, गेल्या आठवड्याचा वडील, गेल्या महिन्याचा आजोबा, आणि आजोबा नेहमी दुसऱ्या शाखेच्या तिजोरीत. एकही रात्र चुकली नाही. २००५ च्या २६ जुलैलासुद्धा चुकली नाही, त्या रात्री आम्ही ऑफिसातच होतो!

२०११ च्या दिवाळीनंतर आम्ही दोघं लॅमिंग्टन रोडला गेलो, दुसरी डिस्क घ्यायला. भाव ऐकून ग्रँट रोड स्टेशनला परत आलो. ऑक्टोबरात थायलंडमध्ये मोठा पूर आला होता. डब्ल्यूडीचा कारखाना पाण्यात होता, इतरांना सुटे भाग पुरवणारे कारखाने पाण्यात होते, आणि जगभर डिस्कचे भाव दुपटीच्या आसपास गेले होते. हे म्हणाले, “उतरतील की भाव, दोन-तीन महिन्यांनी येऊ.” मीही हो म्हटलं. हिशेबी माणसं आम्ही. भाव उतरायला जास्तच वेळ लागला आणि तोवर आमच्या डोक्यातून ते गेलं होतं.

२०१३ साली हे गेले. २०१६ च्या जूनमध्ये एका संध्याकाळी डिस्कमधून टक-टक, टक-टक असा आवाज यायला लागला. मला कळायला हवं होतं. तो आवाज म्हणजे हात जागा शोधतोय आणि सापडत नाही. त्याक्षणी बंद करायचं आणि पुन्हा चालू करायचं नाही. मी काय केलं? बंद केलं, चालू केलं. बंद केलं, चालू केलं. अकरा वेळा. पंचवीस वर्षं दुसऱ्यांना ओरडणारी बाई मी. मजकूर परत काढून देणाऱ्यांकडे नेली. ते धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडतात, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कमधला हात काढून हिला लावतात. ३८ हजार रुपये घेतले आणि त्यांनी काम प्रामाणिकपणे केलं. दोनतृतीयांश परत आलं. फाईलींची नावं गेली होती, नुसते आकडे. मी एकेक उघडून बघितली. २००४ ची कोजागिरी त्यात नव्हती. त्या रात्री ह्यांनी पहिल्यांदा आणि शेवटचं, लोकांनी फार आग्रह केला म्हणून, माइकवर गाणं म्हटलं होतं.

तर डिस्क कुठल्या कंपनीची होती, हे मला पुष्कळ जण विचारतात. मी सांगत नाही. तिने सहा वर्षं काम केलं. बॅकब्लेझ नावाची एक अमेरिकन कंपनी आहे, तिच्याकडे लाखो डिस्क चालतात आणि कुठल्या मॉडेलच्या किती गेल्या ते ती दहा वर्षांहून जास्त काळ जाहीर करते आहे. वर्षाला शंभरात साधारण एक-दोन जातात. एकाच कंपनीचं एक मॉडेल उत्तम, दुसरं वाईट, असंही दिसतं. अमकी कंपनी चांगली, तमकी टाकाऊ, हे आपलं आपण ठरवतो. ज्याची जी गेली ती वाईट. आणि वॉरंटी? पाच वर्षांची वॉरंटी असली तर पाच वर्षांत डबा गेला की नवा डबा देतात. वॉरंटी डब्याची असते, आत काय होतं ते कुणी विचारत नाही.

असो. कमिटीत शेवटी काय ठरलं ते सांगते. ऑफिसच्या संगणकाला विंडोज आणि हिशेबासाठी लहान एसएसडी. फोटो आणि चित्रणासाठी पहिल्या कोटेशनमधली निळी. मी नंबर तपासला, ती कौलारू निघाली, तरीही घेतली, कारण पंचवीस वर्षांचे फोटो एकदा भरायचे आहेत आणि मग बघायचे आहेत. भरताना वेळ लागला, दोन दिवस लागले, चहा घेत भरले. लाल नको म्हटल्याने जे वाचले त्यात भर घालून दुसरी डिस्क घेतली, मुद्दाम दुसऱ्या कंपनीची पोर्टेबल. एकाच दिवशी, एकाच खोक्यातून निघालेल्या दोन डिस्क एकाच सुमाराला आजारी पडू नयेत म्हणून. खजिनदारांनी विचारलं, “दोन कशाला?” मी म्हटलं, “तुम्ही चेकबुकावर दोन सह्या कशाला घेता?” त्यावर ते हसले आणि व्हाउचर पास झालं.

घरासाठी विचाराल तर मी साधारण असंच सांगेन. एक डिस्क घेण्यापुरते पैसे असतील आणि तुम्ही भारीतली एक घ्यावी की साध्या दोन अशा विचारात असाल, तर साध्या दोन. दुसरी कायम जोडून ठेवू नका. वीज कडाडली, कुठला व्हायरस आला, तर दोन्ही एकदम जातील. महिन्यातून एकदा जोडा, प्रत घ्या, काढा, दुसऱ्या घरी ठेवा. माझी दिवाळीत नाशिकला मुलीकडे जाते आणि तिची माझ्याकडे येते, फराळाच्या डब्यांबरोबर. लॅपटॉपवाल्यांनो, तुम्हालाही हेच. मोबाइलवाल्यांना तर जास्तच. नुसती एसएसडी पेटीत घालून वर्षानुवर्षं विसरायला मात्र वापरू नका; वीज न मिळाल्यास तिच्यातला मजकूर हळूहळू विरू शकतो.

वापरलेली डिस्क स्वस्तात मिळते. ए विंगच्या एका मुलाने मला विचारलं होतं, डीव्हीआरमधून निघालेली एक डिस्क कुणीतरी देतोय, घेऊ का? ‘क्रिस्टल डिस्क इन्फो’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात डिस्क किती तास चालली आहे ते दिसतं. त्याच्या डिस्कवर २६ हजारांच्या वर तास होते, म्हणजे तीन वर्षं, एक क्षण न थांबता. त्याच पडद्यावर ‘रीॲलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टर असे दोन आकडे असतात. ते शून्य असावेत. एकदा वाढायला लागले की डिस्क तुम्हाला पत्र पाठवते आहे असं समजा. आणि नवीन घेताना दुकानातच फोनवर कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर टाकून वॉरंटी तपासा. ‘नवी’ म्हणून विकलेली डिस्क कधी कधी दुसऱ्या देशातली, कधी कुठल्या तयार संगणकातून काढलेली निघते. दुकानदाराला राग येतो, येऊ दे.

भाव मी सांगणार नाही. मी सांगेपर्यंत बदलतील.

एक शेवटचं. मघाशी म्हटलं ना, स्मरणिका समितीने घरोघरी जाऊन फोटो मागितले. फेब्रुवारीत डी विंगच्या एका वहिनींनी एक बुटाचा खोका आणून दिला. त्यात लग्नाच्या, मुंजीच्या सीडी होत्या आणि एकीवर मार्करने, ह्यांच्या अक्षरात, ‘कोजागिरी ०४’ लिहिलेलं. त्यांच्या धाकट्या मुलाने त्या रात्री नाच केला होता म्हणून ह्यांनी एक प्रत करून दिली होती. मला माहीतच नव्हतं. सीडीवर ओरखडे आहेत. गाण्याचं पहिलं कडवं वाचता येतं, दुसऱ्यात ती अडकते. पण आधीचं सूत्रसंचालन पूर्ण आहे. ते ऑफिसच्या डिस्कवर घातलंय, दुसऱ्या डिस्कवर घातलंय, आणि नाशिकलाही गेलंय.

पुढच्या रविवारी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहे. ज्यांना आपली डिस्क तपासून हवी आहे त्यांनी घेऊन यावं. येताना तिची वायर आणा, दर वेळी वायर घरी राहते. आणि टक-टक वाजत असेल तर चालू करून बघू नका, तशीच आणा.

वडे आलेत वाटतं.